भाषा तेवढी तपासली

“मॅडम, इथं एक शब्द पाहिजे होता,” असं म्हणत दुर्गानं वहीतून फाडलेला कागद माझ्यापुढं ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. त्या ओळीच्या मधोमध तिनं सात-आठ टिंबं देऊन जागा सोडली होती.

मी चाचणी परीक्षेचे पेपर तपासत होते. हातात लाल पेन असलं की मला मध्ये कुणी बोललेलं खपायचं नाही. “कसला शब्द?” मी मान वर न करताच विचारलं.

“शिसारी. शिसारीले इंग्रजीत काय म्हंतेत?”

“डिक्शनरी बघ.”

“पाह्यली मॅडम. लायब्ररीतली डिक्शनरी इंग्रजीतून मराठीत जाते. मले मराठीतून इंग्रजीत जायचं हाय.”

हे उत्तर मला आवडलं. मी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावून बसवलेली, कपाळावर घाम, आणि खोलीचं दार तिनं आत आल्यावर स्वतःच लावून घेतलेलं.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. वाशीमकडच्या एका तालुक्याच्या गावाबाहेर आमचं फार्मसी कॉलेज होतं आणि मी तिथं इंग्रजी शिकवायची. पाठराबे मॅडमना इंग्रजी येतं, बाकी कुणाला येत नाही, असं सगळे म्हणत, आणि ते खोटं आहे असं मी कधी म्हटलं नाही. प्राचार्यांचं भाषण असो, शिपायाच्या भाच्याचा नोकरीचा अर्ज असो, कुणाची लग्नपत्रिका असो, कागद फिरत फिरत माझ्याच टेबलावर यायचा. “मॅडम, जरा भाषा बघा” हे वाक्य मी दिवसातून तीनदा ऐकायची आणि तिन्ही वेळा मनातून फुगायची.

दुर्गा घुगे दुसऱ्या वर्षाला होती. रिसोडच्या बाजूला कुठल्याशा लहान गावची, बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली. रसायनशास्त्रात वर्गात पहिली आणि माझ्या विषयात काठावर. वर्गात ती बोलायचीच नाही, त्यामुळं तिचा आवाज असा समोरून मी बहुधा त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला.

मी कागद वाचायला घेतला. वर ‘टू द प्रिन्सिपॉल’ लिहिलं होतं. दोन ओळी वाचल्यावर मी तिला खुर्चीत बसायला सांगितलं.

तक्रार बोंद्रे सरांविरुद्ध होती. बोंद्रे सर वनौषधींचा विषय शिकवत. पन्नाशीचे, दोन मुलींचे बाप, कपाळाला रोज गंध. प्रॅक्टिकल झालं की जर्नलवर त्यांची सही लागायची आणि ती सही ते लॅबला लागून असलेल्या स्टोअररूममध्ये करत. साली, मुळं, वाळलेली पानं यांचे डबे त्या खोलीत छतापर्यंत रचलेले होते. एकेका मुलीला ते आत बोलवत. दुर्गाला सगळ्यात शेवटी. टेबलावर जर्नल उघडायला लावत आणि स्वतः तिच्या मागं उभे राहत. मग खांद्यावरून हात पुढं घालून चुका दाखवत. तो हात पाठीवरून खाली यायचा. गेल्या मंगळवारी त्यांनी दाराची कडी लावली होती. लॅबचा अटेंडंट चावी मागायला आला म्हणून ती सुटली.

हे सगळं त्या कागदावर होतं, वार आणि तारखांसकट. पण त्याचं इंग्रजी असं होतं की मला आधी चुका दिसल्या आणि मग प्रसंग दिसला. हे मी स्वतःला माफ करण्यासाठी सांगत नाही. तसं झालं, म्हणून सांगते.

“तुला काय हवंय?” मी विचारलं. “त्यांना काढून टाकायला हवंय?”

“नाही मॅडम. मले त्यायची नोकरी नाही घालवायची. जर्नलवरची सही लॅबमधी सगळ्यायसमोर करा म्हणा, एवढंच पाहिजे.”

“आणि नाही ऐकलं त्यांनी तर?”

“तर मले शिकणं जमत नाही इथं. अजून दोन वर्षं त्यायचेच प्रॅक्टिकल हायेत. परीक्षा घ्यायलेही तेच.”

माझा तिच्यावर विश्वास बसला होता. तेव्हाही आणि नंतर सगळं घडत असतानाही. त्याबद्दल मला एक क्षणही शंका आली नाही. बोंद्रे सर कॉरिडॉरमधून येताना दिसले की आम्ही दोघी-तिघी मास्तरणीसुद्धा पर्स छातीशी धरून चालायचो.

“चल, नीट करू हे,” मी म्हटलं आणि लाल पेन उचललं.

माझ्या शिकवण्याची एक पद्धत होती. मुलांचे निबंध असायचे कोरडेठाक. ‘माझा अविस्मरणीय दिवस’ लिहायला सांगितला तर मुलगा बस किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, जेवणात काय होतं एवढं लिहून मोकळा. त्यांना मी समासात लिहायची, की बाबा, तुला काय वाटलं ते लिही, थोडा जीव ओत. मुलींचं उलटं. त्यांच्या निबंधात काळीज फाटायचं, डोळ्यांतून पूर यायचे, आनंद गगनात मावायचा नाही, आणि ते सगळं शब्दाला शब्द लावून इंग्रजीत उतरलेलं असायचं. त्यांची ती वाक्यं मी आडवी रेघ मारून उडवायची. ‘रडगाणं नको, मुद्दा लिही,’ हे माझं ठरलेलं वाक्य होतं. पोरींनी खंबीर व्हावं अशी माझी फार इच्छा होती.

दुर्गाच्या कागदावरही मी तेच केलं.

“हे काय लिहिलंस? ‘थॉर्न इज कमिंग ऑन माय बॉडी’?” मला हसू आलं. खरंच आलं. “अंगावर काटा येतो?”

“हो मॅडम. ते जवळ आले का येते. आता सांगतानाही आला, पाहा.” तिनं हात पुढं केला. मी हाताकडे पाहिलं नाही.

“असं इंग्रजीत म्हणत नाहीत. साहेबाला वाटेल बाभळीच्या झाडाबद्दल लिहिलंय.” मी ती ओळ उडवली. “आणि हे? ‘माय लाइफ इज बिकमिंग नॉट वॉन्टेड’?”

तिनं खांद्यावरची पिन चाचपली.

“जीव नकोसा होतो, असंच ना?”

“हो.”

“हे तर मुळीच नको. हे वाचलं की ते म्हणतील, बघा, मुलगी भावनेच्या भरात आहे. लगेच म्हणतात. बाईनं जरा आवाज चढवला की तक्रार राहते बाजूला आणि बाईच्या डोक्याची चर्चा सुरू होते. तू फक्त काय घडलं ते लिही. तुला काय वाटलं ते त्यांना नको देऊस.”

मी हे अगदी मनापासून सांगत होते. मला स्वतःला हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं असंही वाटत होतं.

“पण मॅडम, एक तरी शब्द ठेवा,” ती म्हणाली. “नाही तर ते म्हणतीन, हात लागला त लागला, तुले काय झालं?”

म्हणून आम्ही त्या टिंबांपाशी आलो. शिसारीला इंग्रजीत शब्द नाहीत असं नाही. दोन चांगले, जळजळीत शब्द माझ्या तोंडात आले होते. मी ते गिळले. विद्यार्थिनीनं प्राध्यापकाबद्दल इतकं कडक लिहिणं उद्धट दिसेल असं मला वाटलं. त्या टिंबांवर मी लाल अक्षरात लिहिलं, ‘अनकम्फर्टेबल’.

“म्हणजे काय मॅडम?”

“म्हणजे अवघडल्यासारखं वाटणं.”

तिनं थोडा वेळ त्या शब्दाकडे पाहिलं. “पण मले अवघडल्यासारखं नाही वाटत. अवघडल्यासारखं तर घरी पाहुणे आले का वाटते.”

“इंग्रजीत हा शब्द पुष्कळ मोठा आहे,” मी ठोकून दिलं. “मोठमोठ्या तक्रारींमध्ये हाच वापरतात.”

तिनं मान डोलावली. माझ्यासमोर बसून तिनं सगळं पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. मूळ कागद मी पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि नंतर खणात टाकला. जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही नसत्या त मी लिहूच शकली नसती.” मला बरं वाटलं. त्या दिवशी घरी जाऊन मी गोडाचा शिरा केला होता, हे आठवलं की आजही लाज वाटते.

कॉलेजात मुलींच्या तक्रारींसाठी एक समिती होती. ती कागदावर तीन वर्षं होती आणि तोपर्यंत तिची एकही बैठक झाली नव्हती. प्राचार्य गिरडकर, गावातल्या डॉक्टर विमल कानडे, आणि इतिवृत्त लिहायला सचिव म्हणून मी. संस्थेचा सगळा कारभार इंग्रजीतच चालला पाहिजे असा अध्यक्षांचा हुकूम असल्यामुळं माझी निवड झाली होती. दुर्गाची तक्रार आली, बोंद्रे सरांकडून लेखी उत्तर मागवलं गेलं आणि दहा दिवसांनी, एका बुधवारी दुपारी, आम्ही प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसलो.

कानडे बाई मला पहिल्यापासून आवडायच्या. साठीच्या, सुती साडी, तोंडावर बोलणाऱ्या. त्यांच्या दवाखान्यात मार खाऊन आलेल्या बायका ‘पाय घसरला’ म्हणत, आणि बाई त्यांना ‘कोणत्या पायानं, तुझ्या की त्याच्या?’ असं विचारत. त्या समितीत आहेत म्हणून मी निर्धास्त होते.

त्यांनी दोन्ही पत्रं आधी घरी नेऊन वाचली होती. चष्मा लावून त्यांनी ती पुन्हा समोर मांडली.

“मी स्पष्टच बोलते,” त्या म्हणाल्या. “मी इथं आले ती ह्या मुलीच्या बाजूनं मन करूनच आले होते. पण सरांचं पत्र वाचलं आणि मला कसंतरी झालं. ऐका हे.”

आणि त्या मोठ्यानं वाचू लागल्या. त्यांचं इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ होतं. गेल्या कित्येक दिवसांत डोळ्याला डोळा लागलेला नाही, असं त्या पत्रात होतं. वर्गाच्या दारापाशी आलो की अंग शहारतं, पाय आत जायला तयार होत नाहीत. आतून मोडून गेल्यासारखं झालं आहे. ही विटंबना कुणाला सांगावी तर शब्द सापडत नाहीत, न सांगावी तर श्वास कोंडतो. आरशात स्वतःकडे पाहवत नाही.

मी इतिवृत्ताच्या वहीवर पेन टेकवून बसले होते. माझ्या कानांत गरम वारं शिरल्यासारखं झालं. कारण ती वाक्यं माझी होती.

आदल्या शनिवारी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. “मॅडम, बोंद्रेंचं उत्तर आलंय. इतिवृत्ताला जोडायचंय आणि एक प्रत विद्यापीठाकडे जाईल. ह्या इंग्रजीत गेलं तर आपलंच हसं होईल. जरा भाषा बघा.” मूळ उत्तर सहा ओळींचं होतं. मला फार वाईट वाटत आहे, मी तिच्या वडिलांसारखा आहे, माझं बीपी वाढलं आहे, मी काही केलेलं नाही. एवढंच. चुका तर इतक्या की दुर्गाचा कागद बरा.

नाही म्हणता आलं असतं. प्राचार्यांनी जबरदस्ती केली नव्हती, आणि बोंद्रे सरांची मला भीतीही नव्हती. मी स्टाफरूममध्ये बसले आणि फक्त व्याकरण दुरुस्त करायचं असं ठरवून पेन काढलं. ‘मला फार वाईट वाटत आहे’ हे वाक्य फारच पोकळ वाटलं. त्या कोरड्या निबंध लिहिणाऱ्या पोरांच्या समासात मी जे लिहायची तेच मनात आलं. जरा जीव ओता. मग हात चालू लागला. मला स्वतःला आयुष्यात जे जे वाटलं होतं आणि कधी कुणाला लिहून दिलं नव्हतं, ते शब्द भराभर येत गेले. काम संपल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि स्वतःवरच खूश झाले. प्राचार्यही खूश झाले. “वा मॅडम, माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो,” असं ते म्हणाले.

आणि आता कानडे बाई ते वाचत होत्या आणि मला ऐकू येत होतं की हे पत्र दुर्गाचं आहे. मराठीत लिहिलं असतं तर मी झोपलो नाही की झोपले नाही, एवढ्यावरून तरी चोरी पकडली गेली असती. इंग्रजीतल्या ‘आय’ला ना बाई ना पुरुष. वरचं नाव हातानं झाकलं असतं, तर कुणीही म्हणालं असतं की ही एकोणीस वर्षांची मुलगी आहे आणि तिला स्टोअररूमच्या दाराची भीती बसली आहे.

“आता हिचं पत्र,” बाई म्हणाल्या. “सगळं व्यवस्थित आहे. वार आहेत, तारखा आहेत. इंग्रजीही चांगलं आहे. पण पोरीला काही झालंय असं ह्यात वाटतच नाही हो. दुकानदाराविरुद्ध केलेली तक्रार वाटते.”

“अनकम्फर्टेबल लिहिलंय तिनं,” प्राचार्य म्हणाले.

“हो ना. अनकम्फर्टेबल तर मलाही ह्या खुर्चीत होतंय.”

प्राचार्य हसले. मीही हसले असेन. नक्की आठवत नाही, पण सगळे हसले की हसायची मला सवय होती.

दुर्गाला आत बोलावलं. ती टेबलाच्या त्या टोकाला उभी राहिली. कानडे बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि खरोखर मायेनं विचारलं, “बाळा, मराठीतच सांग. घाबरू नको. सर मागं उभे राहिले तेव्हा तुला नेमकं काय वाटलं?”

दुर्गानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “शिसारी आली मॅडम. अजूनही येते. अंगावर काटा येते. त्या दिवशी मी होस्टेलवर जाऊन दोनदा आंघोळ केली. जीव नकोसा झाला होता मले.”

कानडे बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, झालं, सुटलं सगळं.

“अगं मग हे लिहिलं का नाहीस?” बाईंनी विचारलं. “एवढं मोठं पत्र लिहिलंस, तारखासुद्धा लिहिल्यास, आणि मुख्य गोष्टच नाही?”

“हाच प्रश्न आहे,” प्राचार्य पुढं सरकले. “मॅडम, सरांचं उत्तर हिच्या होस्टेलपर्यंत पोचलं असणार. कॉलेजात काय लपून राहतं? त्यात अंग शहारतं, झोप नाही असं सगळं आहे, आणि आज ही तेच बोलतेय. दहा दिवसांत वाढलंय हे. उद्या आणखी वाढेल. आपल्याला लेखी जे आहे तेच धरावं लागेल.”

“मी लिहिलं होतं,” दुर्गा म्हणाली.

“कुठं?”

“पह्यल्या कागदावर. काट्याचं लिहिलं होतं. जीव नकोसा होते तेही लिहिलं होतं.” आणि ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटत होतं की आता मी बोलेन.

कानडे बाई माझ्याकडे वळल्या. “पाठराबे मॅडम, तुम्ही पाहिलं होतं का हिचं पहिलं पत्र? असं काही होतं त्यात?”

तो कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. दोन खोल्या पलीकडे. उठून आणायला एक मिनिट लागलं नसतं. पण तो आणला असता तर त्यावरच्या माझ्या लाल रेघा आल्या असत्या, आणि मग कुणीतरी विचारलं असतं, की सरांच्या पत्रावर कुणाच्या रेघा आहेत. माझ्या मनात त्या क्षणी दुर्गा नव्हती. सगळ्यांच्या तोंडी असलेलं माझं इंग्रजी होतं, आणि ते दोन्ही बाजूंना विकलं गेलंय हे बाईंना कळेल ही लाज होती.

“मी भाषा तेवढी तपासली,” मी म्हटलं. “चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

दुर्गा अजून माझ्याकडेच पाहत होती. मग तिनं नजर खाली केली आणि मला वाचवल्यासारखं म्हणाली, “हो. चुका लई होत्या.”

निकाल अर्ध्या तासात लागला. तो इंग्रजीत लिहून काढायचं काम माझ्याकडेच होतं. गैरसमजातून प्रकार घडल्याचं दिसतं. सरांनी जर्नल तपासताना स्टोअररूमचं दार शक्यतो उघडं ठेवावं. विद्यार्थिनीनं यापुढं ज्येष्ठांबद्दल लिहिताना जबाबदारीनं लिहावं. ‘शक्यतो’ हा शब्द प्राचार्यांनी सुचवला आणि त्याला नेमका इंग्रजी शब्द मी दिला.

जिना उतरताना कानडे बाई माझ्या सोबत होत्या. “मला अजून बरोबर वाटत नाहीये,” त्या म्हणाल्या. “पोरीनं मराठीत जे सांगितलं ते खोटं नव्हतं हो. पण ज्याला स्वतःचं दुःख इतकं नेमकं लिहिता येतं, तो माणूस असं करेल का? फार सुंदर इंग्रजी आहे सरांचं.”

“वाचन आहे त्यांचं,” मी म्हटलं.

पुढच्या दोन प्रॅक्टिकलना दुर्गा गेली नाही. तिसऱ्याला गेली. जर्नल घेऊन स्टोअररूमच्या दारापर्यंत गेली आणि सही न घेताच परत आली, असं तिच्या मैत्रिणीनं मला सांगितलं. मी तिला बोलावून घ्यायचं ठरवलं होतं. आज बोलावू, उद्या बोलावू असं करत महिना गेला. वर्गात ती आता सगळ्यात मागच्या बाकावर बसायची आणि माझ्याकडे पाहायची नाही. खरं सांगायचं तर मीही त्या बाकाकडे पाहायची नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती वडिलांना घेऊनच माझ्या खोलीत आली. वडील उंच, वाळलेले, हातात पांढरी टोपी काढून धरलेली. कॉलेज सोडण्याच्या दाखल्याचा अर्ज होता आणि त्यावर वर्गशिक्षिका म्हणून माझी सही लागत होती.

“तुम्हीच का पाठराबे मॅडम?” वडील म्हणाले. “पोरगी नाव घेते तुमचं. सुरुवातीले त लई घ्यायची.”

मी अर्ज वाचला. पाच ओळी. घरगुती कारणास्तव शिक्षण पुढं चालू ठेवणं शक्य नसल्यानं दाखला मिळावा, ही विनंती. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, विरामचिन्हं जागच्या जागी. दीड वर्ष मी तिच्या प्रत्येक ओळीखाली लाल रेघ मारली होती, आणि ह्या कागदावर पेन टेकवायलासुद्धा जागा नव्हती.

“कुणी लिहून दिलं हे?” मी विचारलं.

“मीच लिहिलं.”

“चांगलं लिहिलंयस,” माझ्या तोंडून निघून गेलं. मला जीभ चावावीशी वाटली.

“त्याच्यात काही नाहीच ना मॅडम,” दुर्गा शांतपणे म्हणाली. “मंग चूक कुठून होईन?”

वडिलांना त्यातलं काही कळलं नाही. ते टेबलाजवळ आले आणि आवाज बारीक करून बोलू लागले. “मॅडम, आमच्या घरात शिकणारी हे पह्यलीच. गावात फार्मसीवाली पोरगी म्हणून नाव झालं होतं. आता म्हंते, मले शिकाचा कंटाळा आला. कंटाळा येणारी पोर नाही हो हे. काहीतरी झालं हाय. तिच्या मायनं विचारलं, मी विचारलं, भावानं विचारलं. तोंड उघडत नाही. तुम्ही विचारून पाहा ना एकदा. मी बाहेर थांबतो पाहिजे त. आमाले नाही सांगत, पण तुमाले सांगन ते.”

आणि ते खरंच बाहेर गेले. दार ओढून घेतलं. काचेतून त्यांची पाठ दिसत होती.

आम्ही दोघी समोरासमोर होतो. दुर्गानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता. ती माझ्याकडे पाहत होती, रागानं नाही, वाटही पाहत नव्हती. बस येईपर्यंत समोरच्या दुकानाच्या पाटीकडे पाहावं, तसं ती पाहत होती. ‘दुर्गा, माझं चुकलं’ एवढी तीन शब्दांची मराठी मला त्या वेळी आली नाही.

मी अर्जावर सही केली, खाली तारीख घातली आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिनं तो दुमडला आणि दार उघडलं.

“सांगितलं का मॅडम तिनं काही?” वडिलांनी दारातूनच विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.